दोन इंच तीन सूत

आमच्या घरात वाढदिवसाचं कार्ड विकत आणत नाहीत, घरी करतात. त्यात काही विशेष नाही, कात्री आणि डिंक असलेल्या कुठल्याही घरात ते होतं. आमचा हट्ट इतकाच की कार्ड मापाचं हवं. वर्षभरात पोर जेवढं वाढलं तेवढंच उंच कार्ड. सूतभर जास्त नाही, सूतभर कमी नाही.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार हे माप वापरतात आणि आम्ही फ्रेम करणारेही वापरतो. फ्रेमचं दुकान बाबांचं. आता ते मी चालवते, म्हणजे बाबा वरच्या मजल्यावर बसून चालवतात आणि मी खाली बसून कापते. चित्र आणि फ्रेम यांच्यामध्ये चारही बाजूंनी रंगीत जाड पुठ्ठ्याची पट्टी असते ना, तिला माउंट म्हणतात. माउंट कापला की त्याच्या पोटातला तुकडा उरतो. कधी मोरपंखी, कधी विटकरी, कधी संध्याकाळच्या पाण्यासारखा राखाडी. असे तुकडे कामाच्या खोलीत कपाटभर उभे असतात, आणि दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की त्यांचे रंग समोरच्या भिंतीवर उतरतात. लहानपणी मला वाटायचं की हे रंग मुळात उन्हाचेच आहेत, आमच्याकडे नुसते ठेवायला दिले आहेत. अजूनही एखाद्या दुपारी तसंच वाटतं, आणि मग गिऱ्हाईक दोनदा खाकरल्याशिवाय मला ऐकू येत नाही.

दुकान आणि कामाची खोली यांच्यामध्ये एक लाकडी चौकट आहे. तिला दार कधीच नव्हतं. वाढदिवसाच्या सकाळी बाबा मला त्या चौकटीला पाठ लावून उभं करायचे. टाचा टेकलेल्या, हनुवटी सरळ. डोक्यावर पट्टी ठेवून शिसपेन्सिलीने रेघ मारायची. मग गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या रेघांमध्ये पुठ्ठा धरायचा, दोन खुणा करायच्या आणि कटरने एका दमात कापायचं. रुंदी कायम सहा इंच, मधोमध घडी. मागच्या बाजूला माप, आतमध्ये बाबांच्या तिरक्या अक्षरात एखाददुसरी ओळ.

माझं पहिलं कार्ड अडीच फुटांना एक इंच कमी होतं, कारण वर्षाची झाले तेव्हा मी जमिनीपासून तेवढी होते. त्याच्यामागे मला लपता यायचं. त्यानंतर दर वर्षी चार इंच, तीन इंच, अडीच इंच. आठव्या वर्षी लिहिलं होतं, "यंदाची सगळी वाढ पायांत गेली आहे. चालताना मागच्यांचा विचार करावा." नवव्या वर्षी, "आता तुझा हात वरच्या फळीवरच्या बिस्किटांना पोचतो. डबा मी आणखी वर ठेवला आहे." सतराव्या वर्षी कार्ड निघालं फक्त एक सूत. पट्टीच म्हणायची ती, तिच्यावर अक्षर मावेना. बाबांनी आत नुसतं एक टिंब दिलं आणि म्हणाले, "झालीस पूर्ण. आता यापुढे शुभेच्छा तोंडी." मोठ्यांना कार्ड नाही, हाही नियमच. वाढ नाही तर माप नाही, आणि माप नाही तर कार्ड नाही.

म्हणजे हे सगळं सुरू करणाऱ्या माणसाला स्वतःला जन्मात एकही कार्ड मिळालेलं नव्हतं.

हे माझ्या लक्षात यायला बाबांची पंचाहत्तर वर्षं भरत यावी लागली. येत्या रविवारी त्यांचा वाढदिवस होता आणि माझ्या मनाने घेतलं की यंदा त्यांना कार्ड करायचंच. चौकटीवर सगळ्यांत वर एक रेघ आहे आणि तिच्यापुढे "मी" असं लिहिलेलं आहे. दुकान थाटलं त्या दिवशी बाबांनी ती स्वतःसाठी मारली होती. म्हणजे मापायला सुरुवात होती, शेवट तेवढा घ्यायचा होता. पण गेल्या दोन वर्षांत त्यांच्या विजारी मी दोन वेळा वर दुमडून शिवून घेतल्या होत्या. वाढीचं कार्ड कसं करायचं ते मला झोपेतही येतं. घटीचं कसं करतात ते कुणी शिकवलं नव्हतं.

बाबा अशा वेळी कसं लिहायचे ते बघावं म्हणून बुधवारी दुपारी मी माझी जुनी कार्डं बाहेर काढली. शाळेतून आलेली माझी लेक टेबलाखाली बसून पेरू खात होती. तिला आम्ही मुंगी म्हणतो. वर्गात सगळ्यांत बुटकी, आणि तोंड मात्र सगळ्यांत मोठ्या मुलीचं. पुढच्या महिन्यात ती अकराची होणार. तिची कार्डं आता मी कापते आणि तिचे बाबा, जे शाळेत गणित शिकवतात, माप तपासतात.

"ही सगळी तू आहेस?" मुंगीने विचारलं.

"हो. तुकड्या-तुकड्यांनी."

"मग जोडू का तुला?"

मी हो म्हटलं आणि कामाला लागले. तिने चिकटपट्टी घेतली आणि चौकटीच्या कडेने, ज्या त्या रेघांच्या मध्ये, एकेक कार्ड उघडं करून लावायला सुरुवात केली. सगळ्यांत खाली ते अडीच फुटी पिवळं. त्यावर शेवाळी, त्यावर जांभळं, त्यावर फिक्या बदामी रंगाचं. स्टुलावर चढून तिने वरची लावली. ऊन तोवर चौकटीपर्यंत आलं होतं. मी मान वर केली तेव्हा दारात मी उभी होते, रंगीत, सहा इंच रुंद, माझ्याच उंचीची, आणि माझ्यातून भिंतीवर रंग पडत होते. मला बरं वाटलं. स्वतःला एकदा तरी असं सरळ उभं असलेलं पाहावं माणसाने.

"आई," मुंगी म्हणाली, "तू इथे तुटली आहेस."

"कुठे?"

"गळ्यापाशी. दहाव्यानंतर एकदम बारावं आहे. अकरावं दे."

मी म्हटलं, "अकरावं नाही."

"हरवलंस?"

"केलंच नव्हतं. त्या वर्षी आजोबा गावाला गेले होते."

लेकीने त्या फटीत तीन बोटं घालून पाहिली. मागचं जुनं लाकूड दिसत होतं, आणि तिचं बोट तिथे फिरलं तेव्हा माझ्या गळ्याला काहीतरी झालं. खोटं कशाला सांगू, झालं.

ती गोष्ट अशी. मी दहा वर्षांची असताना बाबा दुसऱ्या शहरात एका संग्रहालयाच्या कामाला गेले. मोठमोठी चित्रं होती, तीन आठवड्यांचं काम होतं. ते चौदा महिने आले नाहीत. भांडण नव्हतं, आजार नव्हता, काही नव्हतं. आधी दोन पत्रं आली, मग तीही बंद झाली. आई दुकानात बसायची आणि येणाऱ्याला सांगायची, "ठेवून जा, ते आले की करतील." भिंतीला टेकून ठेवलेल्या बिनफ्रेमच्या चित्रांची रांग वाढत वाढत जिन्यापर्यंत गेली. कुठे आहेत म्हणून कुणी विचारलं की आई म्हणायची, "कामात असतील," आणि असं काही बघायची की पुढचा प्रश्न विचारणाऱ्याच्या घशातच राहायचा.

माझा अकरावा वाढदिवस त्या चौदा महिन्यांत आला. मी सकाळीच चौकटीला टाचा लावून उभी राहिले. आई म्हणाली, "ते आले की मापतील." मी तासभर तशीच उभी होते. दुपारी आईने बाजारातून गुलाबांचं छापील कार्ड आणलं. सुंदर होतं, पण ते कुणाच्याही मापाचं होतं. मी ते घेतलं, थँक्यू म्हटलं आणि वहीत घालून विसरून गेले. म्हणजे विसरले असं आईला वाटू दिलं.

मग एक दिवस बाबा आले. बॅग ठेवली, हात धुतले आणि जिन्याजवळच्या पहिल्या चित्राला फ्रेम करायला बसले. आईने चहा ठेवला. त्या दिवसापासून आई जाईपर्यंत, आणि आईला जाऊन आता सहा वर्षं झाली, त्या चौदा महिन्यांबद्दल आमच्या घरात कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे मूग गिळून बसलो आणि ते अंगवळणी पडलं. बाराव्या वाढदिवसाला बाबांनी रेघ मारली. दहाव्या आणि बाराव्या रेघेत पावणेपाच इंचांचं अंतर होतं. ते पट्टी हातात घेऊन बराच वेळ नुसते बघत राहिले, मग बरोबर मध्यावर एक फिकट रेघ ओढली आणि वरच्या अर्ध्याचं कार्ड करून मला दिलं. खालचं अर्धं तसंच मोकळं राहिलं. दोन इंच तीन सूत.

मला त्यांच्याकडून माफी नको होती. कुठे होतात, कुणाबरोबर होतात, तेही नको होतं. मला एवढंच कळायला हवं होतं की माझ्या अकराव्या वाढदिवसाला, त्या दिवशी, त्यांना आठवण होती की नव्हती. हो किंवा नाही. पस्तीस वर्षं मी हा प्रश्न घेऊन त्यांच्या आसपास वावरते आहे, आणि विचारायला तोंड उघडलं की माझ्या तोंडून निघतं, "बाबा, चहा?"

मुंगीला असली अडचण नाही. चार वाजता बाबा जिना उतरून चहाला आले, चौकटीवरच्या रंगीत बाईकडे बघून थबकले, आणि मुंगी म्हणाली, "आजोबा, आईचं अकरावं कार्ड तुम्ही का नाही केलं?"

बाबांनी कप उचलला होता. तो त्यांनी परत बशीत ठेवला. आता लेकीला गप्प करावं, विषय बदलावा, असं सगळं मनात आलं आणि मी त्यातलं काहीच केलं नाही. मी पण उत्तराची वाट बघत होते.

"रविवारी सांगतो," बाबा म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून वर गेले.

गुरुवारी ते खाली आले नाहीत. शुक्रवारीही नाही. जेवण वर नेलं तर जेवत होते, बोलत नव्हते. मी खाली पुठ्ठे कापत होते आणि माझा राग नुसता फिरत होता. कधी त्यांच्यावर, कधी मुंगीवर, कधी त्या गुलाबांवर. शनिवारी दुपारी टेबलावर डोकं टेकून माझा जरा डोळा लागला. स्वप्नात मी ती कार्डांचीच होते. दुकानात उभी होते, गिऱ्हाइकं येत होती, मी बोलत होते, पण गळ्यातल्या फटीतून वारा आरपार जात होता आणि शब्द वर येण्याआधीच बाहेर पडत होते. खाली जमिनीवर त्यांचा ढीग झाला होता, रंगीत कात्रणांसारखा. मी वाकून ते गोळा करायला गेले तर वाकता येईना, कार्ड घडीवरच दुमडतं ना. जाग आली तेव्हा गालावर पट्टीचे आकडे उमटले होते आणि मुंगी ते वाचत होती.

रविवारी दुकान बंद असतं. बाबा धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून खाली आले. मी तोंडी शुभेच्छा दिल्या, नियमाप्रमाणे. कार्ड काही जमलं नव्हतं. सकाळपासून तीन पुठ्ठे काढले आणि परत ठेवले होते.

बाबा कामाच्या खोलीत गेले, खिडकीच्या वरच्या खिळ्याकडे हात केला. बोटभर अंतर राहिलं. टाचा उचलल्या, तर तोल जायला लागला.

"पोचत नाही आता," ते म्हणाले. "तू काढ."

त्या खिळ्याला जुन्या रंगांच्या नमुन्यांची एक जुडी टांगलेली असते. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, सुतळीने बांधलेल्या, वरच्या पट्टीवर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं, "जुने नमुने. टाकू नयेत." गिऱ्हाइकांना आम्ही नवे नमुने दाखवतो, हे नुसते धूळ खातात. दोनदा मी जुडी टाकायला काढली होती. दोन्ही वेळा बाबा असे अंगावर आले की मी म्हटलं जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाचा जीव कशात अडकेल सांगता येत नाही. दर महिन्याला मी तिच्यावरून फडकं तेवढं फिरवायचे.

मी जुडी टेबलावर ठेवली. बाबांना गाठ सुटेना, मग मुंगीने दातांनी सोडवली. पट्ट्या टेबलावर पसरल्या आणि मला दिसलं की त्या नमुन्यांच्या पट्ट्या नाहीत. प्रत्येकीला मधोमध घडी होती. उघडली की सहा इंच. सगळ्यांत अरुंद पट्टी इंचभर उंच होती, तिच्यापुढची सूतभर जास्त, तिच्यापुढची आणखी सूतभर, असं करत करत शेवटची चार इंचांची. मी मोजल्या. पंचवीस होत्या.

"अकरावं," बाबा म्हणाले.

मी स्टूल ओढून बसले.

बाबा खिडकीकडे बघत बोलायला लागले. "तीन आठवड्यांचंच काम होतं. ते संपलं. मग वाटलं, थोडं थांबू. का वाटलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं आणि ते मला आवडायला लागलं होतं. चार महिने झाले तेव्हा लाज वाटायला लागली. लाज वाटली की माणूस म्हणतो, आज नको, उद्या जाऊ. उद्या ती आणखी वाढलेली असते."

"आणि ही?"

"तुझ्या वाढदिवसाच्या आधीचा आठवडाभर बसून केली. माझ्याजवळ तुझं माप नव्हतं. आईला पत्र टाकून माप मागवायचं तर कुठल्या तोंडाने मागवणार? मग म्हटलं, एका वर्षात इंचापेक्षा कमी वाढणार नाही आणि चारापेक्षा जास्त वाढणार नाही. प्रत्येक सुताचं एक केलं. त्यातलं एक तरी बरोबर असणार."

"मग पाठवलं का नाहीत?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी भलतं बोलले होते. "कुठलं पाठवू? पंचवीस होती. त्यातली चोवीस खोटी."

"कुठलंही पाठवायचं होतंत. सगळी पाठवायची होतीत."

"बिनमापाचं कार्ड? आपल्या घरात?"

मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं, आणि दोन्हींच्या मागून तळपायाची आग मस्तकात गेली. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बापाने कोपऱ्यावरच्या दुकानातून गुलाबांचं एक कार्ड घेऊन पेटीत टाकलं असतं. आणि दुसऱ्या कुठल्याही आईने पट्टी घेऊन पोरीला मापलं असतं. इकडे आई ते येतील म्हणून मापायची थांबली होती आणि तिकडे हे माप नाही म्हणून पाठवायचे थांबले होते. हे सगळं मी त्यांना बोलले. आवाज चढवून बोलले. मुंगीच्या देखत बोलले. बाबा ऐकत होते. मान खाली घातली नाही आणि वरही केली नाही.

माझं बोलून झाल्यावर मी विचारलं, "आणि परत आल्यावर? बाराव्या वाढदिवसाला? ही जुडी तेव्हा कुठे होती?"

"खिशात."

"मग?"

"तू चौकटीकडे तोंड करून उभी राहिली होतीस," बाबा म्हणाले. "सगळी पोरं पाठ लावून उभी राहतात. तुला मी दिसायला नको होतो. मी तशीच रेघ मारली."

हे मी विसरले होते. पस्तीस वर्षं मी त्यांचं एकेक वागणं सुताच्या मापाने लक्षात ठेवलं होतं, आणि स्वतःचं नाक त्या लाकडाला टेकलेलं होतं तेवढं विसरले होते. ते म्हणाले तेव्हा लाकडाचा वास एकदम आठवला.

मुंगीने तोवर पट्ट्या उंचीच्या क्रमाने लावल्या होत्या आणि ती त्या वाचत सुटली होती. इंचाच्या पट्टीत लिहिलं होतं, "इंचभर? बाकीची वाढ पुढच्या वर्षासाठी राखून ठेवली असशील." तीन इंचांच्या, "तुझ्या आईला फ्रॉक लांब करावा लागला असेल. तिचे डोळे दुखतात, सुई तू ओवून देत जा." चार इंचांच्या, "चार. म्हणजे मी आलो तर तुला ओळखणार नाही. तू मला ओळख द्यायची की नाही ते तू ठरव." हे शेवटचं वाचताना तिचा आवाज जरा लहान झाला. प्रत्येक पट्टीच्या मागे माप होतं आणि मापापुढे शिसपेन्सिलीने लिहिलेलं, "अंदाजे".

"दोन इंच तीन सूत," मी म्हटलं.

तिने डाळिंबी रंगाची एक पट्टी शोधून माझ्या हातात दिली. मी उघडली.

"आज तुझा वाढदिवस आहे. मी इथे आहे. मी तिथे असायला हवा होतो."

एवढंच होतं.

मुंगीने ती माझ्याकडून घेतली, स्टूल चौकटीपाशी नेलं आणि फटीत लावली. वर दाबावी लागली नाही, खाली दाबावी लागली नाही. ऊन तिथे यायला अजून अवकाश होता, पण डाळिंबी रंग सावलीतही दिसत होता. मी रडले. राग गेला का, तर नाही गेला, हेही सांगून टाकते. चौदा महिने म्हणजे चौदा महिने. पण पस्तीस वर्षं गळ्यात अडकलेला प्रश्न संपला होता, आणि त्याच्या जागी दुसरं काही येईपर्यंत खूप मोकळं वाटत होतं. श्वास घेतला तर तो पार खालपर्यंत गेला.

बाबा जुडी पुन्हा बांधायला लागले तेव्हा मी म्हटलं, "थांबा. चपला काढा आणि चौकटीला उभे राहा."

"मी? मोठ्यांना कार्ड नाही."

"आज दुकान माझं आहे. उभे राहा."

ते उभे राहिले. पाठ लावून, माझ्याकडे तोंड करून. मी पट्टी घेऊन स्टुलावर चढले तसं त्यांनी अंग ताणलं.

"आजोबा, टाचा," खालून मुंगी म्हणाली.

त्यांनी टाचा टेकल्या. मी त्यांच्या डोक्यावर पट्टी ठेवली. पांढरे केस दाबले तर खाली काही उरलं नाही, इतके विरळ. मी रेघ मारली. वर, "मी" लिहिलेली ती जुनी रेघ तशीच होती. दोन्हींच्या मधलं लाकूड मी बघत राहिले. बाबा वळले आणि तेही बघत राहिले. त्यांचा चेहरा पडला. घाबरल्यासारखा झाला. माणसाला आपण थकलो हे ठाऊक असतं, पण चौकटीवर लिहिलेलं वाचणं वेगळं.

"बघ," ते म्हणाले. "याचं काय कार्ड करणार?"

मी पुठ्ठ्याच्या कपाटाकडे गेले नाही. टेबलावरची जुडी घेतली आणि त्यातली एकेक पट्टी त्या दोन रेघांमध्ये लावून पाहिली. इंचाची कमी पडली. त्याच्यापुढचीही कमी पडली. तिसरी, फिक्या निळ्या रंगाची, बरोबर बसली. इंच आणि दोन सूत.

मी ती उघडली, आधी स्वतः वाचली, आणि मग बाबांच्या हातात दिली. चष्मा वरच्या मजल्यावर राहिला होता. त्यांनी पट्टी हातभर लांब धरली आणि स्वतःचं अक्षर डोळे बारीक करून वाचलं.

"थोडंच आहे, काही बिघडत नाही. गर्दीत दिसणार नाहीस असं मनात आणू नकोस. मी तुला लांबूनही ओळखीन."

ते कितीतरी वेळ वाचत होते. दोनच ओळी होत्या. मग त्यांनी पट्टी उलटी केली आणि मापापुढच्या "अंदाजे" वर अंगठा ठेवला. मी खोडरबर आणून तो शब्द पुसला. चौकटीवरच्या डाळिंबी पट्टीचाही पुसला. बाबांनी निळी पट्टी दुमडून शर्टाच्या खिशात ठेवली. तीन इंचांची घडी, खिशात नीट मावली.

"तेवीस," ते म्हणाले.

"काय?"

"चोवीस खोटी म्हणालो होतो ना. तेवीसच निघाली."

"मी अजून वाढायची आहे," मुंगी म्हणाली आणि उरलेली जुडी छातीशी धरून सुतळीची गाठ मारायला लागली.

दुपारी चहा झाल्यावर मी हातोडी घेतली, खिडकीच्या वरचा खिळा उपटला आणि इंच आणि दोन सूत खाली ठोकला. जुडी टांगायला मी बाबांना बोलावलं. त्यांनी हात वर केला आणि टाचा न उचलता ती खिळ्याला अडकवली.